गुडघ्याखालचं कापड

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काय खाल्लं आणि गुडघा किती दुखला ते लिहून ठेवा. मला दाखवू नका, तुमच्यासाठीच लिहा, म्हणाल्या. हे एक बरं झालं. खाल्लेलं लिहीन, आणि ज्यांनी खाऊ दिलं नाही त्यांचंही लिहीन.

सकाळी उकडलेली अंडी आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी भाज्या, त्यांना मीठ लांबूनच दाखवलं असावं. गुडघा उजवा. दुखला.

बाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला. दोन हाडांमध्ये गादी असते म्हणे, ती माझी झिजलीय. "खाऊन गादी परत येत नाही," त्या म्हणाल्या. "वजन उतरलं तर जिना सोपा जाईल, झोप लागेल. मांडीचे व्यायाम करा, त्यानेही फरक पडेल. पण गुडघा टेकून बसायचं काम बंद. तुमची अपेक्षा काय आहे?"

"मेअखेर तंबू कापायचाय. जमिनीवर बसून."

"ही अपेक्षा खाण्याकडून ठेवू नका."

डॉक्टरांना आधी वाईट सांगायची सवयच असते. म्हणजे पुढे बरं वाटलं की श्रेय त्यांचं.

३ फेब्रुवारी

आमची शेड ताडपत्र्यांची. ट्रकवर घालायच्या, बोटीवर घालायच्या, दुकानापुढे ताणायच्या. शिवायला मशीनवर आठ-दहा जण, पण कापायला एकच, म्हणजे मी. मला मास्तरीण म्हणतात. कापड जमिनीवर पसरायचं, खडू लावलेल्या दोरीने रेघ मारायची, उजवा गुडघा कापडावर दाबून धरायचा आणि कात्री चालवायची. लोखंडी वजनं ठेवली तर गंजाचे डाग पडतात, आणि वजनाला कापड सरकलेलं कळत नाही. गुडघ्याला कळतं. जन्मभर मी असंच कापत आले आणि भाचीलाही असंच शिकवलं.

भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. हे गेल्यावर घर मोठं वाटेल म्हणून मायलेकी माझ्याकडे राहायला आल्या, तात्पुरत्या. त्याला आता युग लोटलं. घर काही मोठं वाटत नाही.

मे महिन्यात फिरत्या सर्कशीच्या तंबूचं छत यायचंय. गोल छत, पाकळ्या जोडून केलेलं. प्रत्येक पाकळी बोटभर चुकली तर मध्यावर एवढं मोठं भोक राहतं. म्हणून सगळ्या पाकळ्या एकाच हाताने कापायच्या असतात. मागचं छत मी कापलं. त्याच्या आधीचंही मीच. मालक आज म्हणाले, "तोवर खाली बसायला जमलं तर तुम्हीच. नाहीतर भाची आहेच."

"आहेच" म्हणताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

११ फेब्रुवारी

स्वयंपाकघर वन्संच्या ताब्यात. मी कामावर जाते, त्या घर बघतात, अशी वाटणी. आता डॉक्टरीणबाईंचा कागद भिंतीवर चिकटवून त्यांनी राज्यच सुरू केलंय. साखर बंद, तळलेलं बंद, लोणी बंद, पाव अर्धा. बिस्किटांचा डबा त्यांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली पदराला.

आम्ही एकमेकींना कधी अगंतुगं केलं नाही. अहोजाहो करूनच वार करतो.

"वन्सं, एवढं उपाशी ठेवलंत तर मे महिन्यात मला तंबूत गुंडाळूनच न्यावं लागेल."

"वहिनी, उपाशी माणसाचा आवाज एवढा चढत नाही."

मला कळत नाही असं नाही. मी अशक्त झाले, खाली बसता आलं नाही, तर छत कुणाला मिळणार? यांच्या मुलीला. डॉक्टरीणबाईंनी बोट दिलं आणि वन्संनी हात धरला. गंमत म्हणजे भाचीच्या ताटातही तेच वाढतात. विचारलं तर म्हणाल्या, "वेगवेगळं शिजवायला मला दहा हात नाहीत." पुरावा नको म्हणून पोटच्या पोरीलाही उपाशी ठेवायला ही बाई कमी करणार नाही.

मासा होता आज. तो बरा होता. हे त्यांना सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी

शेडमध्ये मशीनवर एक बडबड्या आहे. सुईपेक्षा तोंड जास्त चालतं. तो म्हणाला, हाडं उकळून त्याचं सूप प्यायचं, तो चिकट अंश थेट गुडघ्यात जाऊन बसतो, त्याच्या मामेबहिणीच्या सासूला महिनाभरात नवा गुडघा आला. परवा येताना पिशवीभर हाडं घेतली.

वन्संनी पिशवीत डोकावलं. "हाडं खाऊन हाडं भरत असती तर कुत्री कधी लंगडली नसती," म्हणाल्या. तरी उकळून दिलं. वरची चरबी सगळी काढून टाकली आणि आत भाज्या कोंबल्या. माझं औषधही नासवलं.

आज डॉक्टरीणबाईंना विचारलं. "सूप म्हणून प्या, गरम असतं. गुडघ्याचा पत्ता त्याला माहीत नाही," असं म्हणाल्या. सगळ्याजणी एकाच शाळेत शिकलेल्या दिसतात.

तरी पिते आहे.

९ मार्च

आज हद्द झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि मी जिना हल्ली आडवी होऊन उतरते. कठड्याला हात, उजवा पाय आधी, मग डावा त्याच्या शेजारी. खेकड्यासारखं दिसतं, मला माहीत आहे. सकाळी दार लावून मी वळले तर भाची पुढे उतरत होती. आडवी. कठड्याला हात. उजवा पाय आधी.

माझी नक्कल. माझ्याच जिन्यावर.

"हसून घ्या," मी वरून म्हटलं. "तुमचेही दिवस येतील."

तिने वळून पाहिलं. तोंड लाल झालेलं. चोर पकडला की होतं तसं. मग सरळ उभी राहिली आणि धाडधाड उतरून गेली. उतरताना एकदा कठडा गच्च धरला, ते हसू आवरायला असणार.

मी हिच्या हातात कात्री दिली. रेघ कशी मारायची, कापडाचा श्वास कसा ओळखायचा, सगळं दिलं. दुधाचे दात पडले नाहीत तोच चावायला निघाली.

१० मार्च

भाचीशी बोलले नाही. ती गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घेऊन कापते. आमच्या वेळी असले लाड नव्हते, असं मी बडबड्याला मोठ्याने सांगितलं.

३० मार्च

वन्सं आज शेडमध्ये आल्या. कधी येत नाहीत. मला वाटलं डबा विसरला असेल. त्या थेट मालकांच्या खोलीत. दार उघडंच होतं आणि माझे कान शाबूत आहेत.

"कापायला उंच टेबलं करून घ्या. उभ्याने कापता येईल अशी."

मालक म्हणाले, जागा नाही, मशीनं हलवावी लागतील, काम अडेल. मग मलाच आत बोलावलं. "मास्तरीणबाई, तुम्ही सांगा. तंबूचं कापड टेबलावर कापतात का?"

मला डाव लगेच कळला. टेबलं आली की गुडघ्याच्या विद्येला किंमत उरली नाही. उद्या कुणीही उठावं आणि उभ्याने कापावं. आयत्या बिळावर नागोबा.

"टेबलावर कापतात ते शिंपी," मी म्हटलं. "ताडपत्री जमिनीवरच कापतात. ज्याला जमत नाही त्याने घरी बसावं."

मालक खूश झाले. वन्सं माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा राग मी पुष्कळ पाहिलाय, पण हा वेगळा होता. भांडल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. जाताना जमिनीवर कापत बसलेल्या मुलीजवळ क्षणभर थांबल्या. ती म्हणाली, "आई, तू जा इथून."

संध्याकाळी ताटात सगळं होतं, फक्त बोलणं नव्हतं. मी जिंकले. जेवण मात्र गोड लागलं नाही. तसं ते कधीच लागत नाही, साखर कुठंय.

१७ एप्रिल

काट्यावर सहा किलो कमी. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

खरं लिहायचं तर लिहिते, इथे कुणी बघत नाही. परवा जिना चढून वर आले, कुलूप उघडलं, पाणी प्यायले, आणि मग लक्षात आलं की मधल्या वळणावर थांबलेच नाही. झोपही लागते. व्यायाम करते, वन्सं समोर नसताना. मांडी घट्ट झालीय.

बाईंना म्हटलं, बघा, बरा झाला. त्या म्हणाल्या, "बरा नाही, सुसह्य झाला. तेवढंच होणार होतं आणि तेवढं झालं. आता खाली बसून ते घालवू नका."

पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या मनात म्हणाल्या असतील. मीही त्यांच्याबद्दल तेच म्हटलं.

घरी येऊन गादीवर गुडघा टेकून पाहिला. गादी मऊ असते, त्यावरून काही कळत नाही. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीचं.

४ मे

कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक शेडमध्ये आला. खाल्ला. दोनदा खाल्ला. वन्संनी दारातच ओळखलं. "ओठाला लागलंय," म्हणाल्या. नव्हतं लागलेलं. मी पुसलं आणि सापडले.

१९ मे

तंबूचं कापड आलं. लाल आणि पांढरं. गठ्ठे उतरवताना शेडमध्ये असा वास सुटला की मला तीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मालकांना म्हटलं, मी कापणार. ते माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "उद्या सुरू करा. बघू."

भाची तिथेच होती. "मामी, पाकळी लांब आहे. मध्ये उठता येणार नाही तुम्हाला."

"मला काय येणार नाही ते मला शिकवू नकोस. तुझी वाटच बघत असशील."

"हो," ती म्हणाली. "बघतेय. हे छत माझ्या हातचं झालं तर मीही मास्तरीण होईन. तुम्ही काय सोडणार आहात का आपणहून?"

तोंडावर बोलली. तेवढं मला आवडलं. राग आला तो वेगळा.

२० मे

सकाळी बसले. गुडघा टेकला. कळ डोक्यापर्यंत गेली, पण तोंड मिटून ठेवलं. पहिली पाकळी कापली. दुसरी, तिसरी. सगळे बघत होते. चौथी पहिलीवर ठेवली आणि पुन्हा उचलून ठेवली. निमुळत्या टोकाला बोटभर नाही, चांगली दोन बोटं फरक. तिसरीतही होता. दुसरीत थोडा.

आधी मला वाटलं, वन्संनी माझं वजन उतरवलं म्हणून. गुडघा हेच माझं हत्यार, आणि त्या बाईने हत्यारच हलकं केलं. कापड खालून सरकलं आणि मला कळलं नाही. हेच मालकांना सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं.

जेवणाची सुट्टी झाली. मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन टेकले. शेड रिकामी झाली. मग भाची आली. तिला वाटलं कुणी नाही. तिने पाकळ्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. गोणपाट दुमडलं आणि खाली बसली. बसताना श्वास रोखला. उजवा गुडघा टेकला, लगेच उचलला, परत टेकला, आणि सगळा भार हळूच डाव्यावर घेतला. मग उठायची वेळ आली तेव्हा उठली नाही. सरकत सरकत मशीनपर्यंत गेली, मशीनचा पाय धरला, त्यावर जोर देऊन वर आली, आणि उभी राहून डोळे मिटले.

त्या मशीनच्या पायाचा रंग उडालेला आहे. माझ्या हाताने उडालाय. तिने हात तिथेच ठेवला.

नक्कल करायला कुणीतरी बघणारं लागतं. ती एकटी होती.

आणि माझंही कापड वजनामुळे सरकलं नव्हतं. मीही भार डाव्यावर घेत होते. टेकवल्यासारखा दाखवत होते, टेकवत नव्हते. तिला गठ्ठ्यांमागून बघितल्यावर जे मला कळलं, ते माझं मला सकाळभर कळलं नव्हतं.

माझा गुडघा झिजायला जन्म लागला. हिचं लग्नसुद्धा व्हायचंय. मी शिकवलं, उजवा गुडघा दाबून धर, सोडू नकोस. तिने सोडला नाही. आणि वन्सं टेबलं मागायला आल्या तेव्हा मी शिंपी म्हणाले.

रडले. लिहायला काय हरकत आहे.

२१ मे

सकाळी मालक पाकळ्या बघायला आले. सगळे गोळा झाले. मी म्हटलं, "या चुकल्या. माझ्या हातून चुकल्या."

मालकांनी सुस्कारा सोडला. "मग भाची करेल."

"तिच्याही चुकतील."

भाचीचं तोंड उतरलं, मग चढलं. "माझ्या नाही चुकणार. मामी, स्वतःला जमलं नाही म्हणून माझ्यावर कशाला?"

"बस खाली."

"काय?"

"खाली बस. गोणपाट न घेता. तुला छत हवंय ना?"

ती बसली. रागातच बसली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता ऊठ. हात न टेकता."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं की मला कळलंय. तिने प्रयत्न केला. एकदा, मग पुन्हा. मग हात जमिनीला टेकला आणि तशीच बसून राहिली. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. सरकत मशीनपर्यंत गेली.

मालकांना म्हटलं, "आता तुमच्याकडे दोन मास्तरणी आहेत आणि गुडघा एकही नाही. टेबलं करा, नाहीतर सर्कसवाल्यांना छत्र्या वाटा."

"तुम्हीच म्हणाला होतात, टेबलावर शिंपी कापतात."

"म्हणाले होते. मूर्खासारखं म्हणाले होते."

असं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. फार जड नव्हतं.

जिन्यात भाचीने गाठलं. "मला चारचौघांत उघडं पाडलंत. मी तुम्हाला कधी माफ करणार नाही."

"नको करूस," मी म्हटलं. "जमिनीवर बसू नकोस."

घरी वन्संना सगळं आधीच कळलेलं. मला वाटलं आज तरी काही चांगलं बोलतील. ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "हे दोन महिन्यांपूर्वी सुचलं असतं तर तुमचं काय बिघडलं असतं?"

भाज्या खाल्ल्या.

८ जून

टेबलं झाली. फळ्या टाकून, खाली पाय ठोकून, चार ओळीने जोडलेली. दोन मशीनं दारापाशी गेली, त्यामुळे बडबड्याला ऊन लागतं आणि तो मला शिव्या घालतो. सर्कसवाल्यांनी थोडी मुदत दिली.

कात्री भाचीच्या हातात. हात एकच हवा, आणि तो तिचा ठरला. ती उभ्याने कापते. मी पलीकडे उंच स्टुलावर बसते आणि दोन्ही तळव्यांनी कापड दाबून धरते. कापड सरकलं की तळव्यालाही कळतं. मला माहीतच नव्हतं.

ती माझ्याशी दोनच शब्द बोलते. "धरा" आणि "सोडा". आवाजात विष. मीही तिची रेघ तिरकी आहे म्हणून दोनदा ओरडले. एकदा खरोखरच होती.

डॉक्टरीणबाईंकडे तिला ओढत नेलं. बाईंनी तिचाही फोटो उजेडावर धरला. मी विचारलं, काय खायला घालू म्हणजे हिची गादी भरेल? बाई म्हणाल्या, "काहीच नाही. पण हिची अजून बरीच शिल्लक आहे. आहे तेवढी राहू दे, एवढीच अपेक्षा ठेवा." मी वाद घातला नाही. भाची म्हणाली, यांना बाहेर पाठवा. मी बाहेर बसले.

१६ जून

छत जुळलं. जमिनीवर अंथरून सगळ्या पाकळ्या मध्यावर आणल्या आणि बोट घालायलाही फट राहिली नाही. मालक म्हणाले, शाब्बास मास्तरीणबाई. आम्ही दोघींनी एकदम वर पाहिलं. ते तिला म्हणत होते.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. वाटणार नाही असं मी लिहू शकते, पण कुणासाठी?

आज खाल्लं: मासा, भाज्या, अर्धा पाव. वन्संनी न विचारता एक बिस्किट ठेवलं. मोडकं होतं. मोडकंच देणार त्या.

संध्याकाळी तिघी बाहेर जायला निघालो. वन्सं पुढे गेल्या. मग भाची, आडवी, कठड्याला हात. तिच्यामागे मी, तशीच. खाली पोचल्यावर ती शेवटच्या पायरीशी थांबली. मी म्हटलं, माझ्यासाठी थांबायची गरज नाही. ती म्हणाली, तुमच्यासाठी कोण थांबलंय, चपलेत खडा गेलाय. चप्पल काढून झटकली, परत घातली, परत काढली. मी शेवटची पायरी उतरले तेव्हा कुठे तिचा खडा निघाला. एवढासा खडा काढायला एवढा वेळ. कामातही अशीच ढिली आहे.